बंडखोरांची खतावणी

द क्लॅश या लंडनच्या पंक, म्हणजे बंडखोर रॉक वाजवणाऱ्या, बँडने आपल्याच रेकॉर्ड कंपनीवर चिडून एक गाणं लिहिलं, आणि ते गाणं त्याच कंपनीने छापून विकलं. १९७७ सालची गोष्ट. सीबीएस या त्यांच्या कंपनीने बँडला न विचारता ‘रिमोट कंट्रोल’ हे गाणं सिंगल, म्हणजे सुटी छोटी तबकडी, म्हणून बाजारात आणलं. पोरं खवळली आणि त्यांनी ‘कम्प्लीट कंट्रोल’ लिहिलं. सह्या घेताना कंपनीने कलास्वातंत्र्याच्या ज्या गप्पा मारल्या होत्या, त्यांची त्यात यथेच्छ टर उडवली आहे. निर्माता म्हणून जमैकाचा ली ‘स्क्रॅच’ पेरी. सप्टेंबरमध्ये रेकॉर्ड आली. तबकडीच्या मधोमध शिक्का सीबीएसचाच.

हे गाणं लागलं की मला त्या ऑफिसातल्या माणसाची आठवण येते, ज्याला मी ओळखत नाही आणि ज्याचं नावही मला ठाऊक नाही. त्याच्या टेबलावर ही टेप येऊन पडली असेल. त्याने ती ऐकली असेल. चिडला असेल का? मला नाही वाटत. ठेक्यावर पाय हलवत त्याने बहुधा एवढंच विचारलं असेल, की किती प्रती काढायच्या. शिव्यांनी कंपनीचं काही बिघडत नाही, उलट शिव्या बऱ्या खपतात. पंकवर लिहिणारी मंडळी इथे हमखास हळहळतात, की पाहा, व्यवस्थेने बंड गिळून टाकलं. मला हा हळहळीचा सूर कधी पटला नाही. गाण्यातली तक्रार इतकी भव्य नाहीच मुळी. कोणतं गाणं कधी बाहेर काढायचं हे कोण ठरवणार, एवढीच ती तक्रार आहे. आणि त्याचं उत्तर गाण्यात नसतं, करारात असतं.

मला कव्हरच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचायची खोड आहे. गाणी नंतर, आधी तो. खाली एका कोपऱ्यात वर्तुळात कोंडलेलं इंग्रजी ‘पी’ अक्षर असतं, पुढे साल आणि एक नाव. गाणं कुणी लिहिलं ते कंसात वेगळं दिलेलं असतं. हा ‘पी’ सांगतो की ध्वनिमुद्रणाचा हक्क कुणाचा. कव्हरच्या दर्शनी बाजूला मुठी आवळलेल्या असोत, पोलिसांवर दगड भिरकावलेले असोत, मागे मात्र तो ‘पी’ शांतपणे आपल्या मालकाचं नाव सांगत बसलेला असतो. पंकचा इतिहास मी बराचसा या कोपऱ्यातून वाचलाय, त्यामुळे तो मला जरा वेगळा दिसतो.

सेक्स पिस्टल्स या लंडनच्याच पंक बँडची कथा सगळ्यांना तोंडपाठ असते, म्हणून भराभर उरकतो. ऑक्टोबर १९७६ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार, ४०,००० पौंडांची उचल. १ डिसेंबरला बिल ग्रंडीच्या टीव्ही कार्यक्रमात शिवीगाळ, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हलकल्लोळ. ईएमआयच्या हेज इथल्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या कामगारांनी बँडची रेकॉर्ड हाताळायला नकार दिला. जानेवारीत कंपनीने हात झटकले. मार्चमध्ये बकिंगहॅम राजवाड्याबाहेर टेबल मांडून ए अँड एम या दुसऱ्या कंपनीबरोबर सह्यांचा सोहळा. आठवडाभरात तोही करार रद्द आणि छापून तयार असलेल्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’च्या बहुतेक प्रती नष्ट. मे महिन्यात तिसरी कंपनी, व्हर्जिन. व्यवस्थापक माल्कम मॅकलॅरेनने यातून ‘आम्ही कंपन्यांना कसं उल्लू बनवलं’ असा पोवाडाच रचला. वाचायला झकास आहे. फक्त गायक जॉन लायडनला आपल्या पैशांसाठी १९७८ मध्ये याच मॅकलॅरेनला कोर्टात खेचावं लागलं, आणि प्रकरण निकाली निघून बँडच्या हाती त्यांचे हक्क यायला १९८६ उजाडलं. उल्लू नेमकं कोण बनलं, हा प्रश्न उरतोच. आणखी एक गंमत: त्यांच्या अल्बमचं शेवटचं गाणं ईएमआयची खिल्ली उडवणारं आहे. तो अल्बम काढणारी व्हर्जिन १९९२ मध्ये ईएमआयनेच विकत घेतली.

क्लॅशचं प्रकरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे नुसता तमाशा नाही, रोजची झटापट आहे. २५ जानेवारी १९७७ ला त्यांनी सीबीएसशी करार केला, १,००,००० पौंडांचा. ‘स्निफिन ग्लू’ हे पंकचं हौशी नियतकालिक काढणाऱ्या मार्क पेरीने त्यावर निकाल देऊन टाकला, की क्लॅशने सही केली त्याच दिवशी पंक मेलं. वाक्य टाळीचं आहे. पण मेलेल्या पंकने पुढे काय केलं पाहा. १९७९ च्या डिसेंबरमध्ये ‘लंडन कॉलिंग’ आला. बँडला दोन तबकड्यांचा अल्बम एका तबकडीच्या किमतीत द्यायचा होता, कंपनी तयार नव्हती. मग त्यांनी कंपनीकडून अल्बमसोबत एक बारा इंची सिंगल फुकट द्यायची कबुली मिळवली. बारा इंची तबकडीवर किती गाणी भरायची, हे कुणी कुठे लिहून घेतलं होतं? सिंगलची हळूहळू अख्खी दुसरी रेकॉर्ड झाली. कंपनीच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

पुढच्या वर्षी ‘सँडिनिस्ता!’ काढताना त्यांनी तीन तबकड्या आणल्या, आणि पुन्हा किमतीवरून वाजलं. या वेळी कंपनी सावध होती. तिने किंमत कमी ठेवायला होकार दिला, पण तुटीचं ओझं बँडच्या गळ्यात घातलं: ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरच्या रॉयल्टीवर बँडने पाणी सोडायचं. त्यांनी सोडलं. श्रोत्याला स्वस्त मिळालेल्या त्या सहा बाजूंचे पैसे कंपनीने भरले नाहीत, ज्यांनी ती गाणी वाजवली त्यांनी भरले. (सहापैकी दोनेक बाजू नसत्या तरी चाललं असतं, हे माझं खासगी मत. ते मी क्लॅशप्रेमींसमोर उघड बोलत नाही.)

आता त्या एक लाख पौंडांविषयी. असा आकडा ऐकला की आपल्याला वाटतं पोरं मालामाल झाली. पण ही उचल असते. रेकॉर्डिंगचा खर्च, स्टुडिओचं भाडं, बहुतेक वेळा निर्मात्याचे पैसे, व्हिडिओचा वाटा, दौऱ्याला दिलेली मदत हे सगळं बँडच्या खात्यावर नावे पडत जातं. प्रत्येक प्रतीमागे बँडला जी काही टक्के रॉयल्टी मिळायची, ती हातात न येता या खात्यात जमा होते. खातं जोवर तुटीत आहे तोवर बँडला दमडी नाही. कंपनीचा मात्र प्रत्येक प्रतीवरचा वाटा पहिल्या दिवसापासून सुरू. रेकॉर्ड आपटली तर बँडला उचल परत करावी लागत नाही, हे खरं. कंपन्या या मुद्द्यावर फार भर देतात. त्या सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की सगळी वसुली झाली तरी मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, सहसा कंपनीकडेच राहते. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटावा आणि घर तरीही सावकाराच्याच नावावर असावं, तसं.

शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने १९९३ मध्ये एका लेखात हा हिशेब ओळीने मांडून दाखवला. काल्पनिक बँड, चार पोरं, अडीच लाख प्रती खपलेल्या. अडीच लाख म्हणजे काही थोड्या नव्हेत. त्याच्या ताळेबंदात रेकॉर्ड कंपनीला ७,१०,००० डॉलर मिळतात, निर्मात्याला ९०,०००, व्यवस्थापकाला ५१,०००, वकिलाला १२,०००. आणि बँडमधल्या प्रत्येकाला ४,०३१ डॉलर २५ सेंट. ते पंचवीस सेंट मला फार आवडतात. राग एवढा काटेकोर क्वचितच असतो. वर रॉयल्टीच्या खात्यात बँड अजून १४,००० डॉलरने तुटीत. त्यात एकही शिवी नसती तरी त्या पानाने तेवढंच काम केलं असतं. अल्बिनी स्वतः रेकॉर्डिंगसाठी ठरावीक मेहनताना घ्यायचा, विक्रीतला हिस्सा नाही. निर्वाणा या बँडच्या ‘इन युटेरो’ अल्बमच्या वेळी हिस्सा घेतला असता तर तो जन्मभर बसून खाऊ शकला असता. त्याने नाही घेतला. काम केलं, कामाचे पैसे घेतले, विषय संपला.

कंपन्यांची ही तऱ्हा म्हटल्यावर ‘मग स्वतःच काढा ना रेकॉर्ड’ हे उत्तर पुढे येणारच होतं, आणि ते फार लवकर आलंही. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड काढली. घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, ‘न्यू हॉर्मोन्स’ असं एक नाव ठरवलं, हजार प्रती छापल्या. पुढे त्या साधारण १६,००० वर गेल्या. या रेकॉर्डचं कव्हर मागून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालं आणि त्यावर नंतर किती आवाज चढवले, ते छापलेलं आहे. तिसरा टेक, एकही ओव्हरडब नाही, पहिला टेक, एक ओव्हरडब, अशा थाटाचं. जादूगाराने टोपी उलटी करून दाखवावी आणि ससा कुठे होता ते सांगून टाकावं, असं तोवर सहसा कुणी केलं नव्हतं. ते वाचून किती पोरांनी ‘अरेच्चा, एवढंच?’ म्हणून गिटार उचलली असेल! बझकॉक्स स्वतः मात्र त्याच वर्षी १६ ऑगस्टला, म्हणजे एल्व्हिस गेला त्या दिवशी, युनायटेड आर्टिस्ट्स या मोठ्या कंपनीकडे गेले. वाटाड्याने वाट दाखवली आणि स्वतः बस पकडली.

ती वाट शेवटपर्यंत पायी चालली ती वॉशिंग्टन डीसीतली मंडळी. टीन आयडल्स नावाचा शाळकरी पोरांचा बँड होता. कार्यक्रमांचे पैसे त्यांनी वाटून न घेता साठवले, साधारण ६०० डॉलर जमले, आणि तोवर बँड मोडला. पैसे चौघांत वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची? रेकॉर्ड काढायची ठरली. १९८० च्या अखेरीला, मेलेल्या बँडची आठ गाणी घेऊन, डिसकॉर्ड रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी, जन्माला आलं. कव्हर कसं बनवतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी एका इंग्लिश सिंगलचं कव्हर जोडावर हलकेच उकललं, सपाट पसरलं, कडा गिरवून घेतल्या. छापखान्यातून कागद छापून आणले आणि मग कात्री, घडी, गोंद. घोळक्याने जमिनीवर बसून हजारो कव्हरं अशी चिकटवली. यात रोमँटिक काही असेल तर ते लांबून. गोंदाने बरबटलेल्या बोटांनी पाचशेवं कव्हर दुमडताना क्रांतीबिंती आठवत नसणार.

डिसकॉर्डकडे करारपत्र नव्हतं. खर्च वजा जाता उरेल ते निम्मं बँडचं, निम्मं लेबलचं. फक्त वॉशिंग्टनच्या आसपासचे बँड घ्यायचे, हा दुसरा नियम. पहिल्या नियमाचं कौतुक खूप होतं, पण माझ्या मते लेबल तगलं ते दुसऱ्यामुळे. ज्यांच्याशी व्यवहार करायचा ती माणसं रस्त्यात भेटणार आहेत, हे ठाऊक असलं की हिशेब आपोआप चोख राहतो. शिवाय आकाराला लगाम बसतो तो वेगळाच. इयन मकाय हा लेबलचा एक संस्थापक. पुढे त्याचा फुगाझी हा बँड जगभर फिरला. व्यवस्थापक नाही, टी-शर्टची विक्री नाही, तिकीट शक्यतो पाच डॉलर. अटलांटिक या बड्या रेकॉर्ड कंपनीचे सर्वेसर्वा अहमत एर्तेगुन त्यांना स्वतः येऊन भेटले होते. फुगाझीने नम्रपणे नकार दिला. यात त्याग वगैरे शोधायची गरज नाही. निम्मा नफा आणि टेप स्वतःची असताना मोठ्या कंपनीने त्यांना देण्यासारखं होतं तरी काय?

इथवर गोष्ट सरळ आहे. मोठ्या कंपन्या लबाड, छोटी लेबलं सज्जन. पण बारीक मजकूर वाचत गेलं की ही वाटणी टिकत नाही.

ब्लॅक फ्लॅग या कॅलिफोर्नियातल्या बँडच्या ग्रेग गिनने १९७८ मध्ये एसएसटी हे लेबल काढलं. हे नाव त्याच्या आधीच्या धंद्याचं. शाळकरी वयापासून तो हौशी रेडिओवाल्यांना टपालाने सुटी उपकरणं विकायचा. १९८१ मध्ये ‘डॅमेज्ड’ अल्बमसाठी त्यांनी युनिकॉर्न नावाच्या कंपनीशी घरोबा केला. वितरण एमसीए ही बडी कंपनी करणार होती. एमसीएच्या वितरण विभागाच्या प्रमुखाने अल्बम ऐकला आणि पालक या नात्याने तो आपल्याला पालकविरोधी वाटला, असं सांगून हात वर केले. बँडने तेच वाक्य छापून त्याचे स्टिकर केले आणि एमसीएच्या शिक्क्यावर डकवले. मग युनिकॉर्नशी कोर्टबाजी. ब्लॅक फ्लॅग हे नाव वापरून काहीही प्रसिद्ध करायला बंदी आली. तेव्हा जुन्या रेकॉर्डिंगचा एक संच बँडचं नाव न छापता, नुसती सदस्यांची नावं घालून काढला. कोर्टाने तो आपला अवमान मानला आणि गिन व चक डुकाउस्की पाच दिवस तुरुंगात बसून आले. १९८३ संपता संपता युनिकॉर्नचं दिवाळं निघालं तेव्हा कुठे सुटका झाली, आणि १९८४ या एका वर्षात बँडने साठलेलं सगळं धडाधड बाहेर काढलं. इतकं सोसलेल्या माणसाचं लेबल दुसऱ्यांशी तरी नीट वागेल, असं आपण धरून चालतो. पण सॉनिक यूथ हा बँड हिशेबावरून कुरबूर होऊन एसएसटीतून बाहेर पडला, आणि मीट पपेट्स या दुसऱ्या बँडला थकलेल्या रॉयल्टीसाठी त्याच गिनच्या लेबलविरुद्ध कोर्टात जावं लागलं.

डेड केनेडीज या बँडचं तर त्याहून अवघड. लेबल बँडच्याच गायकाचं, जेलो बियाफ्राचं. इथे कंपनी आणि कलाकार असा झगडा व्हायचं कारणच नाही. तरीही उरलेल्या तिघांनी रॉयल्टी कमी दिल्याचा दावा त्याच्यावर लावला, २००० मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २००३ मध्ये अपिलातही तो टिकला. बियाफ्राचं म्हणणं, ‘हॉलिडे इन कंबोडिया’ हे गाणं लीव्हायजच्या डॉकर्स पँटच्या जाहिरातीला द्यायला मी नकार दिला, त्याचा हा सूड. बाकीचे म्हणतात, जाहिरातीचा संबंध नाही, आमचे पैसे द्या. जगभरच्या पंकप्रेमींनी बियाफ्राची बाजू घेतली, कारण जाहिरातीला नकार देणारा नायक समजायला सोपा असतो. पैसे मागणारा ढोलकवाला नायक कसा होणार? पण त्याचे पैसे बाकी होते की नव्हते, एवढाच प्रश्न होता.

ग्रीन डेकडेही मी याच अंगाने बघतो. बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या अड्ड्यावर वाढलेला बँड, पहिले दोन अल्बम लुकआउट या तिथल्याच लेबलवर. १९९३ मध्ये ते वॉर्नर या बड्या कंपनीच्या रिप्राइज लेबलकडे गेले, फेब्रुवारी १९९४ मध्ये ‘डूकी’ आला आणि त्याच्या जगभर कोट्यवधी प्रती खपल्या. गिलमनचा नियम होता, मोठ्या लेबलच्या बँडला इथे मंच नाही. तो त्यांनाही लागू झाला. २०१५ मध्ये एका मदत-कार्यक्रमासाठी ते पुन्हा तिथे वाजवू शकले, तोवर वीस वर्षं उलटली होती. या सगळ्या ‘गद्दार’ प्रकरणात एक गोष्ट झाकली जाते. मोठ्या कंपनीकडे गेल्यावरही त्यांनी ते जुने दोन अल्बम लुकआउटकडेच राहू दिले. ‘डूकी’ ऐकून वेडी झालेली पोरं मागे वळून जुने अल्बम घेत होती, आणि त्यावर एक छोटं लेबल वर्षानुवर्षं पोसलं जात होतं. तो पैसा नव्या बँडांवर खर्च होत गेला आणि ज्यांच्यामुळे तो येत होता त्यांची रॉयल्टी थकत गेली. २००५ मध्ये ग्रीन डेने आपल्या टेप काढून घेतल्या. लुकआउटने नोकरवर्ग कमी केला, नवं काही काढणं थांबवलं, २०१२ मध्ये दार लावलं. यात खलनायक कोण, ते मला आजही सांगता येत नाही. लेबलवाल्यांचं संगीतावर मनापासून प्रेम होतं. हिशेब ठेवायला मात्र प्रेम पुरत नाही.

बॅड रिलिजन या बँडची तर्‍हा आणखी न्यारी. गिटारवादक ब्रेट गुरेविट्झने बँडच्या रेकॉर्डसाठीच एपिटाफ हे लेबल काढलं. १९९३ मध्ये बँडने ते सोडून अटलांटिकशी करार केला. पुढच्याच वर्षी एपिटाफवर ऑफस्प्रिंग या बँडचा ‘स्मॅश’ हा अल्बम आला आणि एक कोटीहून जास्त खपला. म्हणजे बँड मोठ्या घरी गेला आणि मागे झोपडीत खजिना सापडला! गुरेविट्झने बँड सोडून लेबल सांभाळलं. ऑफस्प्रिंग दोन वर्षांत कोलंबिया या मोठ्या कंपनीकडे गेले. बॅड रिलिजन २००१ मध्ये एपिटाफकडे परतला, गुरेविट्झही बँडमध्ये परतला. अटलांटिकची ती मधली वर्षं वाईट होती असं नाही, नुसतीच भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखी होती, असं त्या काळातले अल्बम ऐकताना वाटतं.

राहता राहिलो आपण, श्रोते. यात आपली भूमिका फारशी शोभादायक नाही. जॉब्रेकर हा सॅन फ्रान्सिस्कोचा बँड. मोठ्या कंपनीकडे जाणार नाही, असं त्यांनी मंचावरून सांगितलं होतं. मग डीजीसी या मोठ्या लेबलने दहा लाख डॉलर देऊ केले, त्यांनी सही केली आणि १९९५ मध्ये ‘डियर यू’ आला. गायकाचा आवाज स्वच्छ झालेला, गिटारांवर पॉलिश. कार्यक्रमांत काही पोरं अल्बमची गाणी सुरू झाली की मंचाकडे पाठ करून बसायची. तिकीट काढून यायचं आणि पाठ करून बसायचं! एवढी निष्ठा वाया घालवताना त्यातल्या एकानेही बँडला विचारलं नसेल, की बाबांनो, करारात टेप कुणाच्या नावावर आहे? पुढच्या वर्षी बँड फुटला. अल्बम दुकानांतून नाहीसा झाला, आणि नाहीसा झाल्यावर लोक तो शोधू लागले, एकमेकांना कॉपी करून देऊ लागले. पाठ फिरवलेल्यांपैकीही काही त्यात असतील. २००४ मध्ये ढोलकवाला ॲडम फाहलरने कंपनीशी बोलणी करून तो आपल्या छोट्याशा लेबलवर पुन्हा काढला. गाणी तीच होती, आवाजही तेवढाच स्वच्छ. या वेळी कुणी तक्रार केली नाही.